फणशाचा डावा डोळा

"याच्या डाव्या डोळ्यात काहीतरी आहे," आई म्हणाली.

ती बाहेरच्या खोलीत सतरंजीवर पाय पसरून बसली होती. मांडीवर जुना टॉवेल आणि टॉवेलवर फणशा. दिवेलागण झाली होती. दिवा मी माझ्यासाठी लावला होता. त्या दोघांना त्याची गरज नव्हती.

"काय आहे?"

"ते तू बघून सांगायचं. मला एवढंच कळतंय, काल दोनदा आणि आज चारदा त्यानं पंजानं तोंड घासलं. डाव्याच पंजानं. आणि गालाला ओल आहे."

फणशा हा हेजहॉग. उंदरासारखं लांबट तोंड, मऊ पोट आणि पाठभर बोटाच्या पेराएवढे काटे. बघणारे त्याला साळिंदराचं पिल्लू समजत, पण तो पुरता वाढलेला होता आणि त्याचा साळिंदराशी काही संबंध नव्हता. माझ्या भाचीनं, रेवानं, पुण्यात असताना तो पाळला होता. शिकायला जर्मनीला जाताना "महिनाभर सांभाळ गं आजी" म्हणून ती त्याला टोपलीसकट आमच्याकडे नगरला ठेवून गेली, त्याला दीड वर्ष झालं होतं. तिनं त्याचं नाव कोको ठेवलं होतं. आईनं पहिल्या दिवशी त्याच्यावर हात ठेवला, झटकन मागे घेतला आणि म्हणाली, "कोको कसला? फणस आहे हा."

महिन्याभरात तो तिच्या हाताखाली काटे पाडून झोपायला लागला. मी एकदा गमतीनं विचारलं होतं, "ब्रेल वाचतेस का त्याच्या पाठीवर?"

"ब्रेल एवढी टोचत नाही," ती म्हणाली होती.

आई आंधळी होती. हे मी असंच लिहिते, कारण ती असंच म्हणायची. दुसरे मवाळ शब्द तिला आवडत नसत. चौथ्या वर्षी गोवर आला आणि डोळे गेले. पुढे ते नुसते दुखायलाच उरले होते, म्हणून एकोणिसाव्या वर्षी डॉक्टरांनी दोन्ही काढून टाकले आणि तिथे कृत्रिम डोळे बसवले. तपकिरी. त्यानंतर सत्तावीस वर्षं तिनं एका बँकेच्या मोठ्या ऑफिसात टेलिफोनचा बोर्ड सांभाळला. 'पाटोळेबाईंना नुसता खोकला ऐकवा, त्या कुठल्या शाखेतून फोन आहे ते सांगतात,' अशी तिची ख्याती होती.

महिन्यातून एकदा, रविवारी चर्चला जायच्या आधी, ती मागच्या खोलीचं दार आतून लावून घ्यायची आणि डोळे काढून धुवायची. लहानपणी त्या दाराबाहेर बसून मी पाण्याचा आवाज ऐकलेला आहे. आत कधी गेले नाही. तिनं बोलावलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही जायचं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी मोबाइलचा टॉर्च लावून फणशासमोर बसले. उजेड पडताच तो फुसफुसला आणि मिटला. हेजहॉग मिटला की त्याला तोंड नसतं, पाय नसतात, डोळे तर नसतातच. एक काटेरी चेंडू तेवढा उरतो. मी दहा मिनिटं बसून राहिले. आईनं त्याच्या पाठीजवळ तोंड नेऊन हलकेच श्वास सोडला. चेंडूला एक फट पडली, फटीतून ओलं नाक आलं, मागून तोंड.

डावा डोळा मला छान दिसला. काळाभोर, चमकदार, उजव्यापेक्षा चांगला मोठा. टपोऱ्या डोळ्यांचं कौतुक ऐकत आणि वाचत मी मोठी झाले. कॉलेजच्या ग्रंथालयात बावीस हजार पुस्तकं माझ्या ताब्यात होती आणि त्यांतल्या निम्म्या नायिकांचे डोळे टपोरे होते.

"चांगला आहे की गं," मी म्हटलं. "मस्त टपोरा दिसतोय."

"टपोरा?" आईनं मान वळवली. "आधी होता टपोरा?"

"असेल. मी कधी नीट बघितलाय?"

"मग ओल कशाची?"

"थंडीची असेल. बाहेर बघ किती गारठा आहे."

फणशाच्या गालावरची ओल तिनं करंगळीनं टिपली आणि करंगळी नाकाशी नेली. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "फुलदाणीतल्या शिळ्या पाण्यासारखा वास येतोय." ग्रंथालयात वार्षिक पुस्तकमोजणी चालू होती, मी म्हटलं, रविवारी बघू.

चौथ्या संध्याकाळी त्यानं रोजच्या उकडलेल्या अंड्याला तोंड लावलं नाही. मी टॉर्च लावला. डोळा पापण्यांत मावत नव्हता. बाहेर आला होता, आणि त्याची चमक जाऊन त्यावर धुरकट साय धरली होती.

मी टॉर्च आणखी जवळ नेला.

"सांग," आई म्हणाली.

"डोळा बाहेर आलाय."

"टपोरा नव्हता तर," ती म्हणाली. बाकी काही नाही.

नगरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवरच हात जोडले. "मॅडम, म्हैस असती तर आत्ता निघालो असतो." पण त्यांनीच पुण्याच्या डॉ. तस्नीम इनामदारांचा नंबर दिला. त्या ससे, कासवं, पोपट, असल्या प्राण्यांवर उपचार करत. सकाळी सहाच्या एसटीनं आम्ही निघालो. टोपलीत गरम पाण्याची पिशवी, पिशवीवर फणशा, वर आईची शाल. हेजहॉगला थंडी सोसत नाही. गारठला तर झोपतो आणि त्या झोपेतून उठेलच असं नसतं.

सुप्याच्या पुढे कंडक्टर तिकीट तपासायला आला. आईची पांढरी काठी बघून मऊ आवाजात म्हणाला, "मावशी, एवढं जपून काय नेताय?"

"फणस."

"डिसेंबरात फणस?"

शाल हलली. आतून फुसफुस आली. कंडक्टर एक पाऊल मागे सरला.

"फणस श्वास घेतोय, मावशी."

"पिकायला आलाय," आई म्हणाली. मागच्या सीटवरच्या दोन बायका खो खो हसल्या. मी खिडकीबाहेर बघत होते. चार दिवस, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

डॉ. इनामदार तिशीच्या असाव्यात. बारीक, चपळ, केस वर बांधलेले. त्यांनी फणशाला हात लावायच्या आधी तराजूवर ठेवलं.

"सहाशे वीस ग्रॅम! अहो, हा चारशेचा असायला हवा. काय घालता याला?"

"मांजराचं खाणं," आई म्हणाली. "वाळवलेल्या अळ्या. आणि संध्याकाळी अर्धं उकडलेलं अंडं."

"रोज?"

"तो मागतो."

"मागतो कसा?"

"माझ्या पायाच्या अंगठ्याला नाक लावून."

डॉक्टरांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "आजी, यांच्या डोळ्यांच्या खोबणी फार उथळ असतात. त्यात लठ्ठपणा आला की चरबी डोळ्याला मागून पुढे ढकलते. मग कुठे घासला, काडी लागली, की डोळा बाहेर."

आईचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या लाडाचा प्रसाद."

"एकट्या लाडाचा नाही. खाली भुसा घालता ना? त्याचं कूसही गेलं असेल. किती दिवस झाले?"

"चार," आई म्हणाली. ते चार कुणामुळे, हे तिनं सांगितलं नाही. मीही नाही.

मिटलेल्या हेजहॉगचा डोळा तपासायचा तर त्याला आधी गुंगी द्यावी लागते. डॉक्टरांनी त्याला काचेच्या लहान पेटीत ठेवलं आणि नळीतून वायू सोडला. मिनिटाभरात चेंडू सैल पडला, उलगडला. दीड वर्षात पहिल्यांदा मी त्याला पूर्ण बघितलं: पांढरं पोट, बाळाच्या हातासारखे गुलाबी पंजे, उघडी पडलेली हनुवटी. डॉक्टरांनी बाहेर आलेल्या डोळ्यावर नारिंगी रंगाचा एक थेंब सोडला, दिवा मालवला आणि निळी बॅटरी धरली.

अंधारात डोळा हिरवा पेटला. पिवळसर हिरवा, काजव्यासारखा, सगळाच्या सगळा.

"जखम असेल तिथेच हा रंग धरतो," डॉक्टर म्हणाल्या. "चांगल्या डोळ्यावरून वाहून जातो. इथे बघा, जागाच उरली नाही. हा डोळा काढावा लागेल." मग बॅटरी उजव्या डोळ्याकडे गेली. तिथे हिरवं काही नव्हतं. दिवा लावून त्यांनी भिंगातून बराच वेळ बघितलं. "आणि हा... अरेरे. यात मोतीबिंदू पुरता पिकलाय. या डोळ्यानं त्याला सहा-आठ महिने तरी काही दिसत नसणार. तुमच्या लक्षात नाही आलं?"

मला उजव्या डोळ्यात कधी कधी पांढरं दिसलं होतं. मी ते दिव्याचं प्रतिबिंब समजले होते.

"म्हणजे हा काढला की तो पूर्ण..." मी थांबले.

"पूर्ण आंधळा. हो."

मग मी ते वाक्य बोलले. नीट विचार करून, शांत आवाजात, त्या जिवाच्या भल्याचं बोलतेय अशा समजुतीनं.

"मग डॉक्टर, त्याला झोपेतच जाऊ दिलं तर बरं नाही का? डोळ्यांशिवाय काय जगायचं त्यानं?"

आई माझ्यापासून दीड हातावर खुर्चीत बसली होती. काठी गुडघ्यांत, दोन्ही हात काठीच्या मुठीवर. डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि नजर टेबलावर नेली. पेटीची नळी सूंसूं करत होती. मी काय बोलले ते मला तेव्हा कळलं.

"डॉक्टर," आई म्हणाली, "त्याचं नाक चांगलं आहे?"

"उत्तम आहे."

"कान?"

"कानही."

"दुखणं जाईल?"

"डोळा काढला की जाईल. दहा दिवसांत टाके भरतील. यांचा सगळा कारभार नाका-कानांवरच असतो आजी, डोळ्यांचं फारसं..."

"मग त्याला मरायला काय धाड भरलीय?"

डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं.

"उजव्यानं दिसत नाही ते मला दिवाळीपासून माहीत आहे," आई पुढे म्हणाली. "त्या बाजूनं हात नेला की आधी त्याचं नाक हलायचं, मग काटे उठायचे. डाव्या बाजूनं उलट. आधी काटे, मग नाक."

"मला बोलली नाहीस," मी म्हटलं.

"सांगण्यासारखं काय होतं त्यात? दुखत नव्हतं त्याला. हा डोळा दुखायला लागला तेव्हा सांगितलं की." मग तिनं आवाज बदलला, बोर्डावरचा आवाज काढला. "करा डॉक्टर. काढा."

दुपारी दोनपर्यंत आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. आईनं डबा उघडून पोळी-भाजी खाल्ली. मला खाववेना. तिनं एकदाच विचारलं, "ऊन कुठवर आलंय?" मी म्हटलं, "तुझ्या पायापर्यंत." "ते मला कळतंय," ती म्हणाली. "पुढे कुठवर आहे?"

संध्याकाळी आम्ही त्याला घेऊन निघालो. डाव्या डोळ्याच्या जागी पापण्या शिवलेल्या होत्या. सूचनांचा कागद माझ्या पर्समध्ये होता. भुसा बंद, खाली स्वच्छ सुती कापड. पळायचं चाक काढून ठेवायचं. रोज वजन. दोन औषधं, तोंडातून, थेंब मोजून. टोपली, पाण्याची वाटी, काहीही जागेवरून हलवायचं नाही. आणि दिवसातून दोनदा टाक्यांची जागा बघायची: सूज, वास, लाली, पू.

एसटीत आई त्या वाक्याबद्दल काही बोलेल म्हणून मी शिरूरपर्यंत वाट बघितली. शिरूरला ती म्हणाली, "खिडकी लाव. त्याला वारं लागेल."

घरी आल्यावर तिनं कामं वाटली. "सूज मला बोटाला कळेल, वास नाकाला. लाली मात्र हाताला लागत नाही. ती तुझी."

दोन दिवस माझा नेम असा चालला: ती त्याला टॉवेलवर घेई, श्वास सोडून उलगडी, औषध देई, मी पुढे वाकत असे आणि म्हणत असे, "ठीक आहे." खरं म्हणजे मी त्याच्या कानाकडे बघत होते. शिवलेल्या पापणीवर नजर गेली की मी ती लगेच काढून घेत असे. त्या फटीमागे डोळा नाही, पोकळी आहे, हे डोक्यातून जाईना. आणि त्या विचाराच्या मागे एक बंद दार होतं, पाण्याचा आवाज होता. तिथवर मी जात नव्हते.

तिसऱ्या सकाळी मी "ठीक आहे" म्हटलं आणि आई म्हणाली, "तू बघत नाहीस."

"बघते गं."

"सुवार्ता." पूर्ण नाव ती क्वचितच घ्यायची. "सत्तावीस वर्षं मी लोकांचं 'साहेब जागेवर नाहीत' ऐकलंय. बघणारा माणूस श्वास धरतो. तू बघायच्या आधीच सोडतेस."

मी टॉवेलाची घडी सारखी केली.

"त्याची भीती वाटते की किळस?"

"माहीत नाही."

"माझी?"

"आई, काहीतरीच काय!"

"दवाखान्यात बोललीस ते त्याच्यासाठी बोललीस, ते मला माहीत आहे. मला राग नाही. पण आज त्याच्या डाव्या बाजूला बोटाला ऊब लागतेय. थोडीच. सूज आहे की माझाच हात गरम आहे, मला ठरवता येत नाही. मला तुझे डोळे पाहिजेत, आणि तू ते देत नाहीस."

तिनं फणशाला टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिलं, उठली आणि भिंतीला हात न लावता मागच्या खोलीकडे गेली. "ये," ती म्हणाली. मी गेले. तिनं दार आतून लावलं. कडीचा तो आवाज मला पाठ होता. या खेपेला तो माझ्या पाठीमागून आला.

तिनं साबणानं हात धुतले. टेबलावर स्वच्छ रुमाल घातला, त्यावर स्टीलची वाटी ठेवली, वाटीत उकळून गार केलेलं पाणी ओतलं. सगळं जागच्या जागी, एकदाही न चाचपता. खिडकीतून दहाचं ऊन येत होतं. ती उन्हाकडे तोंड करून बसली, बोटानं डावी खालची पापणी ओढली, आणि डोळा तिच्या तळहातावर आला.

मला वाटत होतं तो गोटीसारखा असेल. तसा नव्हता. शिंपल्यासारखा पोकळ, पातळ, आतून पांढरा. तिनं तो वाटीत ठेवला. तपकिरी बुबुळ पाण्यातून छताकडे बघत राहिलं.

"आता माझ्याकडे बघ," आई म्हणाली.

मी बघितलं.

तिनं पापण्या दोन बोटांनी उघडून धरल्या होत्या. आत अंधार असेल असं मी छत्तीस वर्षं धरून चालले होते. अंधार नव्हता. आत ऊन पोचत होतं. ओली, गुळगुळीत, बंद अशी एक जागा होती, गालाच्या आतल्या बाजूसारखी, आणि उन्हात ती चमकत होती. एक बारीक शीर झाडाच्या फांदीसारखी फाटे फोडत गेली होती. कुठे व्रण नाही, कुठे भोक नाही. शरीरानं आपलं दार आतून शांतपणे लावून घेतलं होतं आणि त्यामागे पन्नास वर्षं तो जिवंत, स्वच्छ रंग होता. मी श्वास धरला.

"हां," आई म्हणाली, "आता बघतेस. कसला रंग आहे?"

"काय?"

"आतला रंग कसा आहे? मला कुणी कधी सांगितलं नाही. डॉक्टर म्हणतात 'छान', नर्स म्हणते 'व्यवस्थित'. 'छान' हा काय रंग आहे?"

तिला तीनच रंग आठवत होते, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. चुलीचा धूर, तिच्या आईचं हिरवं लुगडं, आणि प्रवरेच्या वाळूत फोडलेलं टरबूज. गोवराच्या आधीचा तिचा ऐवज तेवढाच.

"टरबुजासारखा," मी म्हटलं. "पण मधला लाल नाही. सालीजवळ फिका होत जातो ना, पांढऱ्याच्या अलीकडे, तो."

पापण्यांवरची बोटं तशीच होती.

"तो भाग आम्हाला मिळायचा," ती म्हणाली. "मधला थोरल्या भावांना." मग हसली. "म्हणजे चांगला आहे."

"चांगला आहे."

"बरी झालेली जागा अशी असते. आता त्याची बघ. कशी आहे ते सांग, ठीक आहे म्हणू नकोस."

मी टॉवेल सैल केला. डोळा काढल्यावर तिनं अजून हात धुतले नव्हते. त्याच हाताचं बोट तिनं फणशाच्या नाकापुढे धरलं. तो उलगडला. नाक हललं, जीभ बाहेर आली. त्यानं ते बोट चाटलं, पुन्हा चाटलं, आणि त्याच्या तोंडात फेस यायला लागला. मी घाबरले, मला वाटलं झटका आला. पण त्यानं पुढचे पाय रोवले, मान अशक्य वाटावी इतकी मागे वळवली आणि तो फेस जिभेनं आपल्या पाठीवरच्या काट्यांना लावला. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. नवा वास भेटला की हेजहॉग असं करतात, हे मी वाचलं होतं. का करतात, हे कुणालाच नक्की ठाऊक नाही. वाचणं निराळं. दोन्ही डोळ्यांनी गेलेला तो वीतभर जीव माझ्या आईच्या आतला वास आपल्या अंगावर चढवत होता, आणि आई मान तिरकी करून त्याच्या जिभेचा आवाज ऐकत होती. ग्रंथालयातल्या बावीस हजार पुस्तकांनी मला या दृश्याची कल्पना दिली नव्हती.

तो थांबल्यावर मी बघितलं. या वेळी कानाकडे नाही.

"बाहेरच्या कोपऱ्याला फिका आहे. सालीजवळचा. मध्येही ठीक... मध्ये जरा गडद. नाकाजवळच्या कोपऱ्यात लाल आहे. टरबुजाच्या गाभ्यासारखा. आणि शेवटच्या टाक्याखाली पिवळं आहे. मोहरीएवढं."

"पिवळं मला माहीत नाही," आई म्हणाली. "पण ते नको असतं ना?"

"नको असतं."

"फोन लाव."

मी फोटो पाठवला. डॉक्टरांचा पाच मिनिटांत फोन आला. लगेच आणा, म्हणाल्या, आजच. दुपारच्या एसटीनं मी एकटीच त्याला घेऊन गेले. त्यांनी तो टाका उघडला, आतला पू धुऊन काढला, औषध बदललं. "उद्या आणला असता तर हे नाकात उतरलं असतं," त्या म्हणाल्या. "आजींनी ओळखलं?"

"ऊब आजींनी," मी म्हटलं. "लाली मी."

परत आले तेव्हा आई दारातच उभी होती. मी फाटक उघडायच्या आधी म्हणाली, "वाचला." मी विचारलं, "कशावरून?" म्हणाली, "तुझ्या चपलांवरून."

पाच दिवसांनी, नाताळच्या संध्याकाळी, आईनं त्याला पहिल्यांदा जमिनीवर सोडलं. तो क्षणभर थबकला. मग भिंतीच्या कडेनं निघाला. कपाटाच्या पायाला वळसा, खुर्चीखालून पलीकडे, पाण्याच्या वाटीपाशी थांबून दोन घोट, आणि सरळ, कुठेही न धडकता, सतरंजीपर्यंत. तिथे आईच्या पायाच्या अंगठ्याला त्यानं नाक लावलं.

"अंडं नाही," आई त्याला म्हणाली. "बंद झालंय."

फणशा त्यानंतर दोन वर्षं जगला. त्या सकाळनंतर आईनं मागच्या खोलीचं दार पुन्हा कधी लावलं नाही. महिन्यातून एकदा ती हाक मारायची, मी जायचे, बघायचे, रंग सांगायचे. बहुतेक वेळा तोच असायचा. सर्दीत जरा गडद. एकदा मी नुसतं "छान" म्हटलं तर म्हणाली, "पाटोळेबाईंना फसवतेस?"

गेल्या ऑगस्टात ती गेली. दवाखान्यातल्या नर्सनं मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, शवपेटीत ठेवताना डोळे राहू द्यायचे की काढून घ्यायचे? काढून धुवायचे असतील तर आम्ही..."

"मी करते," मी म्हटलं.

वाटी मागून घेतली. उकळून गार केलेलं पाणी मागितलं. नर्सला बाहेर जायला सांगितलं नाही. दार उघडंच होतं. दोन्ही डोळे काढले, धुतले, पुसले. पुन्हा बसवायच्या आधी तिचा चेहरा खिडकीकडे वळवला आणि पापणी दोन बोटांनी उघडून धरली.

रंग आणखी फिका झाला होता. अगदी सालीला टेकला होता. मी तो तिला मोठ्यानं सांगितला.